मास्तरांचं हृदय आणि मॅडमची दाढ

मॅडम एकोणीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होत्या. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याचं काही चुकलं तर शिकवणाऱ्याने दाबायचा. पण मॅडम तो क्वचितच दाबत. "गाडी आपली आहे असं शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे," असं त्या म्हणत आणि हाताची घडी घालून निवांत बसून राहत. त्यांच्याकडे शिकलेली माणसं पहिल्या झटक्यात परीक्षा पास होतात, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांचे यजमान नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दोघंही शिकवणारे आणि दोघांचाही आवाज खणखणीत, त्यामुळे त्यांच्या घरातलं "टॉवेल कुठाय?" हे वाक्यसुद्धा तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. मुलगी परगावी नोकरीला. घरात ही दोघंच.

एका मंगळवारी सकाळी मास्तर तलावाच्या काठावर शिट्टी तोंडात धरून उभे होते. उभ्याचे ते खाली बसले आणि बसल्याचे आडवे झाले. पाण्यात बायकांची बॅच होती. मास्तर नवीन व्यायाम दाखवताहेत असं वाटून त्यातल्या दोघीतिघींनी पाण्यातल्या पाण्यात आडवं व्हायचा प्रयत्नही केला. हे पुढे मास्तरच हसत हसत सांगायचे. मॅडमना त्यात कधी हसू आलं नाही. कारण त्या वेळी तलावावरची तिकीटवाली बाई त्यांना एकामागून एक फोन लावत होती आणि मॅडमचा फोन गाडीच्या कप्प्यात मुका होऊन पडला होता. शिकवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम त्यांचाच. शिकवणी संपवून त्यांनी फोन बाहेर काढला तेव्हा त्यावर सात मिस्ड कॉल होते. त्या दवाखान्यात पोहोचल्या तोवर मास्तरांना आत नेलं होतं.

मास्तर वाचले. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. "हृदयाचा थोडा भाग निकामी झालाय. पंप तीस टक्क्यांवर आलाय. औषधं वेळेवर, जेवण अळणी, रोज सकाळी वजन करायचं आणि थोडं थोडं चालायचं. हे सांभाळून माणसं पुष्कळ वर्षं चांगली जगतात."

मास्तरांनी शेवटचं वाक्य ऐकलं. मॅडमनी फक्त "तीस टक्के" ऐकलं.

त्या दिवसापासून मॅडमनी कंबर कसली. घरातलं मीठ सगळ्यांत वरच्या फळीवर गेलं. बी.पी. मोजायचं मशीन आलं, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा आला, वजनाचा नवा काटा आला. मास्तरांचं बी.पी. दिवसातून सहा वेळा. मास्तर न्हाणीघरात गेले की दाराला कडी लावायची नाही. आत पाच मिनिटांच्या वर झाली की बाहेरून हाक. मास्तर खोकले की मॅडम दारात उभ्या. मास्तर खोकले नाहीत तरी दारात उभ्याच, की हे आज खोकले कसे नाहीत! डॉक्टरीणबाईंनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. मॅडमनी त्याचा अर्थ हॉल ते स्वयंपाकघर असा लावला. रात्री त्या नवऱ्याच्या छातीवर तळहात ठेवून पडायच्या आणि हात वरखाली होतोय ना, एवढंच बघत राहायच्या.

तलावावरची नोकरी सुटली होती, तेव्हा मॅडमच्या शिकवण्या चालू राहणं भाग होतं. फोन आता कप्प्यात नसे, मांडीवर असे. दर अर्ध्या तासाने घरी फोन.

"काय करताय?"

"मघाशी जे करत होतो तेच. तुझ्या फोनची वाट बघतोय," मास्तर म्हणायचे.

असे तीन-चार महिने गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मास्तर कसे आहेत?" मॅडम कशा आहेत हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी त्याला उडवूनच लावलं असतं. त्यांचे कपडे अंगावर लोंबायला लागले होते. विंचरताना केसांचा पुंजका हातात यायचा. जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरायचं आणि मग जळजळायचं. सकाळी उठल्यावर जबडा असा दुखायचा, की जांभई द्यायची चोरी. शेवटी एक दिवस मऊ पाव खाताना दाढेचा तुकडा हातात आला, तेव्हा त्या दंतवैद्याकडे गेल्या.

दंतवैद्य म्हातारा आणि फटकळ होता. त्याने आरसा घालून बघितलं आणि विचारलं, "रात्री दात खाता का?"

"दिवसा दातओठ खाते," मॅडम म्हणाल्या. "रात्रीचं मला काय ठाऊक? मी झोपेत असते."

"झोपेत असता तर दाढ फुटली नसती. दाढा अशा करकचून दाबून ठेवता तुम्ही, की दगडाचं पीठ होईल. कसली काळजी आहे?"

"मला? मला कसली काळजी! आजारी आमचे हे आहेत."

दंतवैद्याने दाढेवर टोपी बसवायची तारीख दिली.

याच सुमारास एक ग्रंथपालबाई त्यांच्याकडे शिकायला येत होत्या. पन्नाशीच्या, शांत, जपून बोलणाऱ्या. त्या दिवशी रस्ता मोकळा होता. लांबवर एक सायकलवाला रस्ता ओलांडत होता, अजून शंभर पावलं तरी होती. गाडी गचकन थांबली. ग्रंथपालबाईंचा चष्मा नाकावरून मांडीवर पडला. मॅडमनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला होता. त्या तासातला हा सातवा.

ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मॅडम, राग मानू नका. पण गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

मॅडमना उत्तर द्यायचं होतं, पण आवाज फुटेना. छातीत कोणीतरी आतून मुठी मारत होतं. हाताला मुंग्या आल्या, कपाळावर घाम आला. 'झालं,' त्यांना वाटलं, 'मलाही आला झटका. आता यांना कोण बघणार?' ग्रंथपालबाईंनी गाडी अगदी पद्धतशीर कडेला घेतली, इशाऱ्याचा दिवा लावला, हँडब्रेक ओढला आणि पाण्याची बाटली पुढे केली. दहा मिनिटांनी ते सगळं ओसरलं.

"दवाखान्यात जाऊ या. मी नेते," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे अजून लायसन्स नाही," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः गाडी चालवत घरी आल्या.

घरी मास्तर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मॅडम पर्स ठेवायच्या आधी मशीन घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. मास्तरांचं एकशे अठरा आणि शहात्तर आलं. मॅडम पट्टा गुंडाळायला लागल्या, तोच मास्तरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. बायकोचा चेहरा ते मघापासून बघत होते.

"हात दे."

"काहीतरीच काय!"

"हात दे म्हणतो ना."

पोहायला शिकवतानाचा, काठावरून पाण्यात पोहोचणारा तो आवाज मॅडमनी चार महिन्यांत ऐकला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. पट्टा फुगला, बसला. आकडे आले. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे दहा. नाडी एकशे वीस.

"मशीन बिघडलंय," मॅडम म्हणाल्या.

"माझं बरोबर दाखवेपर्यंत चांगलं होतं, तुझ्या दंडाला लावलं की लगेच बिघडलं?"

"मी जिना चढून आलेय."

मास्तरांनी दहा मिनिटं त्यांना गप्प बसवलं. घड्याळ समोर धरून. पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे आठ.

मग त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते तीन काय, सहा घरं पलीकडे गेलं असेल. "मला आजारी पडायला वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "मी पडले तर तुमचं कोण करणार?" आणि मास्तर, ज्यांना त्यांनी चार महिने मोठ्याने शिंकूही दिलं नव्हतं, खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मी तीस वर्षं लोकांना पाण्यातून बाहेर काढलंय. बुडणारा माणूस काय करतो ठाऊक आहे? जो वाचवायला येतो त्याच्याच मानेला मिठी मारतो. त्याला वाटतं आपण धरलंय म्हणून दोघंही वर आहोत. आणि दोघंही खाली जातात. तू माझी मान धरलीयस. मला श्वास घेता येत नाही, तो हृदयामुळे नाही. तुझ्यामुळे!"

मॅडम मटकन बसल्या. एवढं लागेल असं मास्तर कधी बोलले नव्हते. मास्तरही बसले, धापा टाकत. मॅडमचा हात आपोआप बोटाच्या चिमट्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"दम लागलाय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"भांडलो म्हणून लागलाय. तुझ्याशी भांडून कोणालाही लागेल," मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे यायचं. या वेळी पेशंट तू."

डॉक्टरीणबाईंनी मॅडमना तपासलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. हृदय ठीक होतं. बी.पी. मात्र ठीक नव्हतं. गाडीत जे झालं ते भीतीने झालं होतं. "भीती डोक्यात असते असं आपण म्हणतो, पण ती राहते शरीरात," त्या म्हणाल्या. "हे मी नेहमी बघते. घरातल्या एकाचं हृदय जातं, आणि वर्षभरात दुसऱ्याचं बी.पी., साखर, झोप, काहीतरी जातंच. तुम्हाला गोळी सुरू करतेय. आणि आमच्याकडे समुपदेशक बसतात, त्यांना भेटायचं."

"मला वेड लागलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही ना? मग लवकर संपेल. जा."

समुपदेशक मुलीच्या वयाची होती आणि तिला सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी ती नाक पुसायची. मॅडमना आधी वाटलं, ही काय मला शिकवणार! पहिल्या भेटीत त्यांनी मास्तरांच्या औषधांची यादी घडाघडा म्हणून दाखवली. दुसऱ्या भेटीत त्या मुलीने विचारलं, "त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

मॅडम बराच वेळ हातातल्या पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकाला गाडी मागे घ्यायला शिकवत होते. त्याला जमत नव्हतं. मी त्याला हसत होते." त्यांनी चेन ओढून बंद केली. "सात वेळा फोन आला. माझा माणूस तिकडे फरशीवर पडलेला आणि मी हसत होते."

चार महिन्यांत त्या पहिल्यांदा रडल्या. मुलीने कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला. त्यातला एक तिने स्वतःच्या नाकासाठीही घेतला. मग तिने विचारलं, "पहिलाच फोन तुम्ही उचलला असतात तर काय बदललं असतं?"

मॅडमनी विचार केला. रुग्णवाहिका तिकीटवाल्या बाईने आधीच बोलावली होती. तलाव गावाच्या त्या टोकाला. "काही नाही," त्या शेवटी म्हणाल्या. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडाने म्हटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मास्तरांना समोर बसवलं. एकदा ठरवलं की ठरवलं, हा त्यांचा स्वभाव होताच. फक्त आजवर तो सगळा मास्तरांच्या पथ्यावर खर्ची पडत होता. बी.पी. दिवसातून एकदा, आणि दोघांचं. न्हाणीघराला कडी. चालायला मास्तर एकटे जाणार, खिशात फोन ठेवून. सगळ्यांत अवघड गोष्ट मॅडमनीच सुचवली. रोज एक तासाची शिकवणी अशी घ्यायची, की फोन कप्प्यात असेल.

"एकदम तास नको," मास्तर म्हणाले. "मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी खोल पाण्यात सोडत नाही."

"मग किती?"

"पंधरा मिनिटं."

पहिल्या दिवशी मॅडमनी फोन कप्प्यात टाकला आणि सहाव्या मिनिटाला काढला. दुसऱ्या दिवशी नवव्या. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई गाडी चालवत होत्या. मॅडमच्या हाताला पुन्हा मुंग्या यायला लागल्या. समुपदेशक मुलीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी श्वास मोजून सोडला, पाय ब्रेकवरून उचलून मागे घेतले आणि म्हणाल्या, "मला काहीतरी बोलत ठेवा."

"काय बोलू?"

"काहीही. पुस्तकं वेळेत न आणणाऱ्यांबद्दल बोला."

ग्रंथपालबाई एरवी मितभाषी, पण या विषयावर त्यांच्या तोंडाचा पट्टा असा सुटला, की पंधराच्या जागी पंचवीस मिनिटं झाली. त्यांनी पाचवा गिअरही टाकला, त्यांचा त्यांनाच न कळता. पंधरवड्याने त्या परीक्षा पास झाल्या.

सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये एक आठवडा मॅडम पुन्हा चोरून मास्तरांच्या मागे चालायला लागल्या, झाडांच्या आडून. मास्तरांनी तिसऱ्या दिवशी मागे न वळताच सांगितलं, "येतेस तर बरोबर चल, चोरासारखी काय येतेस!" मग त्या बरोबर चालू लागल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की नवऱ्यापेक्षा त्यांनाच आधी दम लागतो. त्या चिडल्या. रोज चालायला लागल्या. दाढेला टोपी बसली. झोपताना दातांत घालायची एक पट्टी दंतवैद्याने दिली. ती घातल्यावर बोलता येत नाही, हा मास्तरांच्या मते तिचा सर्वांत मोठा गुण होता. तीन महिन्यांत मॅडमचं बी.पी. एकशे छत्तीसवर आलं. गोळी चालूच राहिली. मास्तरांचा पंप पस्तीस टक्क्यांवर गेला आणि तिथेच थांबला.

त्याच वर्षी थंडीत एका सकाळी मास्तर काट्यावर उभे राहिले. दोन दिवसांत वजन दीड किलोने वाढलं होतं. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहत होता. मॅडमनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, आकडे सांगितले, मोठ्या नणंदेला फोन केला, पिशवी भरली आणि मास्तरांना गाडीत बसवलं. वाटेत त्यांनी एकही सिग्नल तोडला नाही. अंगात पाणी साचलं होतं. दाखल करून घेतलं, शिरेतून औषध सुरू झालं.

"लवकर आणलंत म्हणून बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चारएक दिवस ठेवू."

दुपारी नणंद आल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, हातात विणकामाची पिशवी. मॅडम पलंगाशेजारी उभ्या होत्या. मास्तरांना डोळा लागला होता, नाकावर ऑक्सिजन होता. छाती वरखाली होत होती. मॅडमचा हात तिकडे ओढ घेत होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "माझ्या छातीत आत्ता धडधडतंय. पाय लटपटतायत. हे मला माहितीचं आहे, यात मरत नाही माणूस. पण मी सकाळपासून खाल्लेलं नाही आणि माझी गोळी घरी राहिलीय. मी घरी जाते. जेवते, गोळी घेते आणि झोपते. सहापर्यंत येते."

नणंद त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "झोपतेस? आत्ता?"

"हो. चार दिवस काढायचेत. रात्री मला इथे थांबायचंय."

"बरं बाई. काही झालं तर मी फोन करीन."

"करा. उचलेन. आणि नाही ऐकू आला तर तुम्ही आहातच ना इथे!" मॅडम निघाल्या. जिन्याशी दोनदा थांबल्या, मागे वळल्या नाहीत.

घरी त्यांनी गोळी घेतली. रात्रीचं उरलेलं अळणी जेवण गरम करून ताटात घेतलं आणि हात वर करून फळीवरचं मीठ काढलं. चिमूटभरच. मग दातांत पट्टी घालून, पडदा ओढून त्या पलंगावर पडल्या. अर्धा तास छताकडे बघण्यात गेला. नंतरचं त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. त्यांनी फोन उचलला. एकही कॉल नव्हता. त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेली साडी नेसल्या.

दवाखान्यात मास्तर उशीला टेकून बसले होते. ऑक्सिजन नाकावर तसाच, पण हात हवेत. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला ते उलटं पोहताना खांदा कसा फिरवायचा ते दाखवत होते, आणि तो बिचारा एका हाताला सुई टोचलेली असल्यामुळे दुसऱ्या हाताने जमेल तसं करत होता. नणंद विणत होत्या.

"झोपलीस?" मास्तरांनी विचारलं.

"पावणेतीन तास."

"खोटं."

"गालावर उशीची घडी उमटलीय, बघा."

मास्तरांनी डोळे बारीक करून बघितली. समाधान झालं. "डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. गुरुवारी सोडतील म्हणाल्या."

मॅडमनी पर्समधून छोटी वही काढून पानं उलटली. "गुरुवारी दुपारी माझ्या दोन शिकवण्या आहेत. चारनंतर न्यायला येईन."

"चारला चालेल," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा शेजाऱ्याच्या खांद्याकडे वळले.